पिवळ्या पिशवीतला थायमस

लहान बाळाची छाती उघडली की आधी हृदय दिसत असेल, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. छातीचं मधलं हाड करवतीने उभं कापून दोन्ही बाजूंना सारलं की समोर येतो तो थायमस. फिकट गुलाबी, मऊ, दोन पाळ्यांचा, हृदयावर पांघरल्यासारखा. दोन-तीन महिन्यांच्या बाळात तो एवढा मोठा असतो की त्याला हटवल्याशिवाय सर्जनला हृदयापर्यंत पोहोचता येत नाही. मग कॉटरीने त्याचा बराचसा भाग सोडवायचा, स्क्रब सिस्टरने किडनी ट्रे पुढे करायचा आणि ट्रेमधून तो पिवळ्या पिशवीत. शरीरातून काढलेलं मांस पिवळ्या पिशवीत, असा जैववैद्यकीय कचऱ्याचा नियमच आहे. पिशवी भट्टीत जाते. ती ट्रे पुढे करणारी सिस्टर बरीच वर्षं मी होते.

ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, आम्ही सगळं मोजायचो. मॉप, सुया, गॉजचे तुकडे. छाती बंद करण्याआधी दोघींनी दोनदा मोजल्याशिवाय सर्जनला टाके घालू द्यायचे नाहीत. थायमस मात्र कोणी मोजत नसे, त्याची नोंदही एका ओळीची. हृदयातलं भोक, उलट्या जोडलेल्या वाहिन्या, अरुंद झडप यांपुढे त्या गुलाबी मांसाची काय किंमत? नर्सिंगला असताना एवढंच शिकले होते की ही ग्रंथी लहानपणी मोठी असते आणि वय वाढलं की तिची चरबी होते. जी आपोआप जाणारच आहे ती थोडी आधी गेली, असा एकंदर हिशेब.

हा हिशेब किती अपुरा आहे ते मला सेवेच्या शेवटच्या वर्षांत कळलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम नावाचं गाव आहे, तिथे ड्यूक विद्यापीठाचं रुग्णालय. तिथल्या मुलांच्या हृदयाच्या ओटीतही असाच थायमस निघतो. पण आईबापांनी परवानगी दिली असेल तर तो निर्जंतुक डब्यात घालून प्रयोगशाळेत नेतात, त्याचे पातळ काप करतात, ते दोन-तीन आठवडे सांभाळतात आणि थायमसशिवाय जन्मलेल्या दुसऱ्या एखाद्या बाळाच्या मांडीत बसवतात. हो, मांडीतच. एका मुलाच्या छातीतला अडथळा दुसऱ्याच्या मांडीत जाऊन त्याला जगवतो.

यामागचं कारण सांगायचं तर आधी थायमस करतो काय ते सांगायला हवं. माझं माहेर कोल्हापूरचं. थोरले मामा रोज पहाटे तालमीत जायचे. त्यामुळे डॉक्टरांनी मला जे इंग्रजीत समजावलं ते माझ्या डोक्यात तालमीच्या रूपानेच बसलं, आणि मी ते तसंच सांगते.

आपल्या रक्तात ज्या पांढऱ्या पेशी असतात त्यांतल्या काही टी-पेशी. टी म्हणजे थायमसच. जन्मतात त्या हाडांच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, पण तिथून निघतात तेव्हा त्या कोऱ्या असतात. कोणाशी लढायचं, कोणाला हात लावायचा नाही, यातलं त्यांना काही ठाऊक नसतं. गावाकडून आलेल्या पोरांसारख्या त्या थायमसच्या तालमीत दाखल होतात. तिथले वस्ताद म्हणजे थायमसच्या स्वतःच्या पेशी. त्या रक्तातून येत नाहीत, तिथल्याच असतात. वस्ताद दोन कसोट्या घेतात. पहिली अशी की आपल्या शरीराच्या पेशींवर जी ओळखखूण असते ती तुला वाचता येते का? नाही आली तर तू निकामी. दुसरी अशी की आपल्याच माणसावर तू डाव टाकतोस का? टाकलास तर तिथेच संपलास. दोन्ही कसोट्यांतून शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात. बाकीच्या आतल्या आत मरतात. एवढी कडक छाननी शरीरात दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही.

बाहेर पडलेल्या टी-पेशी विषाणूंनी बाधलेल्या पेशी मारतात, बुरशीला आवर घालतात, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींना हुकूम देतात. म्हणजे तालीमच नसेल तर नुसते टी-पेशींचे मल्ल नाहीत एवढ्यावर भागत नाही, सगळी फौजच बिनसते. अशा बाळाला साधा सर्दीचा विषाणू, तोंडातली पांढरी बुरशी, जुलाब, काहीही पुरतं. उपचार न मिळाल्यास ही मुलं सहसा दोन-तीन वर्षांपलीकडे जात नाहीत.

या ग्रंथीचा इतिहास वाचताना मला एका प्रकरणाचा फार राग आला. एकोणिसाव्या शतकात युरोपात शरीरशास्त्र शिकवायला प्रेतं यायची ती बहुतेक गरिबांची, अनाथालयांतली, आजारात आणि उपासमारीत झिजलेली. भूक आणि दीर्घ आजार यांनी थायमस लवकर आक्रसतो. त्यामुळे डॉक्टर शिकले ते हे की निरोगी थायमस एवढासाच असतो. मग एखादं धष्टपुष्ट बाळ पाळण्यात अचानक गेलं आणि त्याचं शवविच्छेदन केलं की आत हा भलामोठा थायमस! झालं, गुन्हेगार सापडला. या ग्रंथीने श्वासनलिका दाबली असणार. 1889 मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी त्याला भारदस्त नाव देऊन आजारच करून टाकला. 1907 पासून बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडून थायमस बारीक करण्याची प्रथा सुरू झाली. अमेरिकेत ती 1950 च्या दशकापर्यंत टिकली आणि हजारो ठणठणीत मुलांना हे किरण दिले गेले. 1950 मध्ये न्यूयॉर्कच्या डफी आणि फिट्झजेराल्ड यांच्या लक्षात आलं की थायरॉइडचा कर्करोग झालेल्या मुलांत, तान्हेपणी थायमसवर किरण घेतलेली मुलं विलक्षण जास्त आहेत. गरिबांच्या प्रेतांवरून शरीर शिकायचं, आणि त्या शरीरावर गरिबीने केलेलं काम निसर्गाचं समजायचं! शिक्षा मात्र धडधाकट बाळांना.

थायमसचं खरं काम कळायला 1961 साल उजाडावं लागलं. जॅक मिलर हे तेव्हा तिशीचे. जन्म फ्रान्समधल्या नीसचा, बालपण शांघायमध्ये, मग कुटुंब ऑस्ट्रेलियाला. लंडनच्या एका कर्करोग संस्थेच्या बाहेरगावच्या शाखेत त्यांना जागा मिळाली, उंदीर ठेवायला घोड्यांचा जुना तबेला. ते शोधत होते उंदरांतला रक्ताचा कर्करोग. त्यासाठी नुकत्याच जन्मलेल्या, बोटाच्या पेरापेक्षा फारशा मोठ्या नसलेल्या पिल्लांचा थायमस ते काढत. मोठ्या उंदराचा काढला तर काही बिघडत नसे. पिल्लांचा काढला की ती काही आठवड्यांनी खंगायची, जंतुसंसर्गाने मरायची. मिलर यांनी अशा पिल्लांवर परक्या उंदराच्या त्वचेचं कलम केलं. निरोगी उंदीर ते झिडकारतो. यांच्या अंगावर ते मजेत वाढलं, केससुद्धा फुटले. परकं कोण आणि आपलं कोण हे ओळखणाराच नव्हता. पीटर मेदावार यांच्यासारखा नोबेलविजेता माणूस तेव्हा म्हणत होता की थायमसमधल्या पांढऱ्या पेशी म्हणजे उत्क्रांतीतला एक बिनमहत्त्वाचा अपघात आहे. मिलर यांना 2019 मध्ये मॅक्स कूपर यांच्यासोबत लास्कर पुरस्कार मिळाला. माझ्या मते नोबेल द्यायला हरकत नव्हती, पण ते माझ्या हातात नाही.

लगेच 1965 मध्ये फिलाडेल्फियाचे बालरोगतज्ज्ञ अँजेलो डीजॉर्ज यांनी अशी बाळं दाखवून दिली ज्यांना जन्मतःच थायमस नव्हता आणि शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथीही नव्हत्या. गर्भाच्या गळ्याजवळच्या ज्या घड्यांतून थायमस घडतो त्यांतूनच पॅराथायरॉइड घडतात. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्यांची मांडणीही तिथल्याच आसपासच्या पेशींवर अवलंबून. म्हणून तिथे गडबड झाली की तीन गोष्टी एकत्र येतात. हृदयाचा दोष, रक्तातलं कॅल्शियम घसरून येणारे झटके, आणि थायमस नाही किंवा अगदी थोडा. बहुतेकांत कारण सापडतं ते 22 व्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा गळालेला असणं. सुमारे चार हजार जन्मांत एक बाळ असं असतं. आईबाप दोघे निरोगी, पण बाळात हा तुकडा नव्यानेच गळाला, असंच बहुतेकदा होतं. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो दोष असेल तर मात्र प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी.

आमच्या टेबलावर असं एक बाळ होतं. हृदयातून दोन मोठ्या वाहिन्यांऐवजी एकच जाडजूड वाहिनी निघालेली, ट्रंकस म्हणतात ते. जन्मल्यावर आठवडाभरातच कॅल्शियमचे झटके येऊन गेलेले. आमच्या सर्जन सरांनी हाड सारलं आणि हात थांबवले. "थायमस कुठंय?" नेहमी आधी जे बाजूला करायचं तेच नाही. समोर थेट हृदयावरची पिशवी. भूल देणाऱ्या मॅडमनी लगेच रक्तपेढीला फोन लावायला सांगितला. आलेल्या पिशव्या परत, इरेडिएटेड रक्त पाठवा. मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं की का. दात्याच्या रक्तात त्याच्या जिवंत टी-पेशी असतात. आपण निरोगी असू तर आपल्या टी-पेशी त्या परक्यांना निपटतात. या बाळाकडे निपटणारं कोणी नाही. मग ते परकेच बाळाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर तुटून पडतात, आणि त्यातून बाळ वाचणं फार कठीण. किरण दिले की रक्तातल्या त्या पेशी वाढू शकत नाहीत. क्ष-किरणांनी थायमसवर केलेल्या जुन्या पापाची ही थोडीशी भरपाई म्हणायची.

बाहेर बाळाची आजी बसली होती. सरांचं बोलणं संपल्यावर तिने मला गाठलं. "बाई, ते काय नाही म्हणाले? हृदय तर आहे ना?" मी म्हटलं, "हृदय आहे आजी, दुरुस्त झालंय. छातीत एक गाठीसारखी ग्रंथी असते, ती दिसली नाही." "मग ती घालता येत नाही का?" माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. जगात कुठेतरी ती घालतात हे मला नंतर सरांनीच सांगितलं.

बाळाचा नमुना परळला, केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत गेला. अहवालात टी-पेशी कमी होत्या, पण होत्या. म्हणजे थायमसचा एखादा कण मानेत कुठेतरी अडकून काम करत असणार. गर्भात तो मानेतूनच छातीत उतरतो आणि कधी वाटेत थांबतो. थायमस दिसत नाही तरी अशा बहुतेक मुलांचं निभावतं. पूर्ण अभाव हा 22 व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेल्या शंभरात एकाहूनही कमी मुलांत. ते बाळ चालतं झालेलं मी फॉलोअपला पाहिलं.

पण ज्यांच्यात खरोखर काहीच नाही त्यांचं काय? सगळ्यांना आधी अस्थिमज्जा प्रत्यारोपण आठवतं. रक्ताच्या कर्करोगात, थॅलेसेमियात करतात ते. प्लास्टिकच्या बंद खोलीत वाढवाव्या लागणाऱ्या मुलांचा जो दुसरा जन्मजात आजार आहे, ज्यात टी-पेशींची निर्मितीच चुकते, त्यात ते उत्तम लागू पडतं. इथे पडत नाही, आणि कारण तालमीत आहे. मज्जा बदलून तुम्ही नवी पोरं पाठवाल, पण बाळाची स्वतःची पोरं काही वाईट नव्हतीच. वस्ताद नाहीत आणि वास्तूही नाही. भावंडाच्या जुळणाऱ्या मज्जेबरोबर काही तयार टी-पेशी जातात आणि त्यांच्या जोरावर काही मुलं तगतात, पण नवी पिढी घडत नाही.

तालीमच बांधून द्यायची ही कल्पना 1968 मध्येच अमलात आली. बोस्टन आणि मायामी इथल्या डॉक्टरांनी गर्भपातानंतर मिळालेला गर्भाचा थायमस अशा बाळांत बसवला आणि टी-पेशी कामाला लागल्याचं दिसलं. पण पुढे हा मार्ग फार चालला नाही. ते ऊतक अगदी थोडं, मिळणं बेभरवशाचं, आणि गुण येई तो मोजक्यांना.

ड्यूकच्या डॉ. लुईझ मार्कर्ट यांनी 1993 पासून दुसरी वाट धरली. हृदयशस्त्रक्रियेत टाकून दिला जाणारा थायमस वापरायचा. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या. इतकी वर्षं मी जो ट्रेमध्ये झेलला तोच! 1999 मध्ये त्यांनी पहिल्या पाच मुलांचा अहवाल छापला. त्यांतली दोन जगली होती. पाचात दोन हा आकडा वाचून नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की आधी तो शून्याच्या जवळ होता.

कृती अशी. दाता नऊ महिन्यांच्या आतलं बाळ, कारण त्याच्या थायमसला अजून जोर असतो. त्याच्या आईबापांची वेगळी लेखी परवानगी घेतात, आईच्या रक्ताच्या तपासण्या होतात. आमच्याकडच्या संमतिपत्रावर थायमसचा शब्दही नसे, तो काढणं हृदयाच्या कामात गृहीत. तिकडे तो मागून घ्यावा लागतो, आणि मला ते योग्य वाटतं. प्रयोगशाळेत त्याचे अगदी पातळ काप करतात आणि स्पंजसारख्या आधारावर ठेवून पोषक द्रवात 12 ते 21 दिवस वाढवतात. द्रव रोज बदलतात. या दिवसांत कापांच्या आत तयार होत असलेल्या दात्याच्या टी-पेशी मरून धुतल्या जातात आणि वस्ताद, म्हणजे थायमसच्या मूळ पेशी, शिल्लक राहतात. तालीम रिकामी करून घेतात म्हणा ना. दात्याच्या टी-पेशी तशाच गेल्या असत्या तर त्यांनीच बाळाला खाल्लं असतं, त्या रक्ताच्या पिशवीसारखं.

मग शस्त्रक्रिया. तीही साधी. मांडीच्या पुढच्या स्नायूत खाच करून एकेक काप ठेवायचा, वर टाका. जरूर पडली तर दोन्ही मांड्या. छातीतच का नाही? छाती पुन्हा उघडायची गरज नाही, स्नायूला रक्तपुरवठा भरपूर आणि नंतर काम चालू झालं का ते पाहायला तुकडा काढणंही सोपं. थायमसला हृदयाशेजारीच राहायची हौस नाही. जिथे रक्तवाहिन्या येतील तिथे तो रुजतो, आणि बाळाच्या मज्जेतून निघालेल्या कोऱ्या पेशी रक्तातून तिथवर पोहोचतात.

मूत्रपिंडासाठी जुळणी शोधत वर्षानुवर्षं थांबलेले लोक मी पाहिलेत. इथे जुळणी लागतच नाही. परकं नाकारायला टी-पेशी लागतात आणि त्या या बाळाकडे नाहीतच. काही मुलांत मात्र थोड्या बेशिस्त, तालीम न पाहिलेल्या टी-पेशी वाढलेल्या असतात, अंगावर लाल पुरळ, सुजलेल्या गाठी. त्यांना आधी औषधांनी आवरावं लागतं. त्यांतलं एक औषध सशांना मानवी थायमसमधल्या पेशी टोचून बनवतात. म्हणजे थायमस बसवण्याची तयारीही थायमसवरूनच.

यानंतर वाट बघणं, आणि हे ओटीत न राहणाऱ्यांना जास्त कळेल. हृदय दुरुस्त झालं की मॉनिटरवर आकडा लगेच बदलतो. इथे टी-पेशी दिसू लागायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर बाळाला बाहेरून प्रतिपिंडं द्यायची, जंतुनाशकं चालू ठेवायची, पाहुणेरावळे बंद, खोकणारा मोठा भाऊ दुसऱ्या घरी. ड्यूकमध्ये 1993 ते 2020 या काळात 105 जणांवर हा उपचार झाला. पूर्ण अभाव असलेल्यांत वर्षाअखेर जिवंत असण्याचं प्रमाण 77 टक्के निघालं. गेलेली बरीच मुलं पहिल्याच वर्षात, तालीम भरायच्या आत, आधीच असलेल्या संसर्गांनी गेली. वर्ष ओलांडलेल्यांपैकी बहुतेक पुढे दीर्घकाळ जगली. तरी ही मुलं इतर मुलांसारखी होत नाहीत. टी-पेशींची संख्या कमीच राहते, काहींना पुढे थायरॉइडचा त्रास होतो, काहींत स्वतःच्याच रक्तपेशींवर हल्ला होतो. कसोटी घेणारे वस्ताद परके आहेत, तेव्हा एखादा उलटा डाव सुटणारच. हृदयाचे आणि कॅल्शियमचे प्रश्न तर यातून सुटतच नाहीत.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2019 च्या अखेरीस निर्मितीबद्दलच्या शंका काढून या उपचाराच्या मंजुरीचा अर्ज परत पाठवला आणि ऑक्टोबर 2021 मध्ये मंजूर केला. आता या उपचाराला 'रेथायमिक' असं नाव आहे आणि एका मुलाच्या उपचाराची किंमत वीस लाख डॉलरांच्या वर. पैशाचं ऐकून माझ्या बहिणीने विचारलं, "आणि मूळ माल फुकटात?" दात्याच्या घरच्यांना काही मिळत नाही हे खरं, पण एका बाळाचा थायमस एकाच बाळासाठी, सगळं हातकाम, यंत्रातून गोळ्यांसारखं काढता येत नाही, हेही खरं. युरोपात हे काम लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात 2009 पासून चालतं, डॉ. ग्रॅहॅम डेव्हिस यांनी सुरू केलेलं. इतर देशांतली मुलं तिथे पाठवतात. आपल्याकडून एवढ्या आजारी बाळाला विमानाने नेणं हे किती घरांना जमेल ते सांगायला नको.

थायमस नसण्याचं कारण दर वेळी 22 वं गुणसूत्रच असतं असं नाही. दक्षिण इटलीत अचेर्नो नावाचं आडबाजूचं गाव आहे. तिथल्या दोन बहिणी जन्मतः टक्कल असलेल्या आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या होत्या. प्रयोगशाळांत जे बिनकेसांचे उंदीर ठेवतात त्यांच्यातला जनुक-दोषच यांच्यात निघाला. एकच जनुक केस आणि थायमस दोन्ही घडवतो. या प्रकारच्या मुलांनाही आता थायमस बसवतात. प्रतिकारशक्ती येते, केस येत नाहीत.

ड्यूकने 2021 मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. एका बाळाला हृदयही नवं हवं होतं आणि थायमसही. एकाच दात्याचं हृदय आधी आणि त्याच दात्याच्या थायमसचे काप साधारण दोन आठवड्यांनी. तर्क असा की बाळाच्या टी-पेशी दात्याच्याच तालमीत शिकल्या तर दात्याचं हृदय त्यांना आपलंच वाटेल, आणि जन्मभराच्या नकारविरोधी गोळ्या कदाचित सुटतील. थायमस रुजल्याचं त्यांनी पुढच्या वर्षी जाहीर केलं. गोळ्या खरोखर कायमच्या सुटतात का, हे एका मुलावरून ठरत नाही.

आणि ज्यांचा थायमस आम्ही काढला त्या मुलांचं काय? हा प्रश्न मला बरेचदा सतावतो. 2023 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाचा अभ्यास आला, मोठ्या माणसांवरचा. थायमस काढलेल्यांत पाच वर्षांत मृत्यूचं प्रमाण 8.1 टक्के, छातीचीच शस्त्रक्रिया झालेल्या पण थायमस राहिलेल्यांत 2.8. कर्करोगही दुपटीच्या आसपास. म्हणजे मोठेपणी चरबी होऊन पडलेली ही ग्रंथीसुद्धा रिकामटेकडी नाही. तान्ह्या मुलांत उरलेला तुकडा बऱ्यापैकी वाढतो, तरी टी-पेशी कमी राहिल्याची निरीक्षणं आहेतच. आमचे सर मानेकडे जाणारी थायमसची टोकं नेहमी ठेवायचे, घाई असली तरी. तेव्हा मला तो त्यांचा हट्ट वाटायचा. हृदय वाचवायचं तर वाट करावी लागतेच, त्यात दुमत नाही. पण लागेल तेवढीच करावी, आणि जे निघालं ते एखाद्याच्या कामी येणार असेल तर विचारून द्यावं.

आपल्याकडे थायमस बसवणं लांबची गोष्ट असली तरी अशी बाळं ओळखणं लांबचं नाही, आणि आपल्याकडे ते जास्त निकडीचं आहे. आपण जन्मतःच बीसीजी टोचतो आणि पोलिओचे थेंब देतो, दीड महिन्याला रोटाव्हायरसचे. क्षयाचा धोका पाहता बीसीजी देणं बरोबरच आहे. पण या लशींत जिवंत, कमकुवत केलेले जंतू असतात, आणि टी-पेशी नसलेल्या बाळात बीसीजीचे तेच जंतू यकृतात, हाडांत, सगळ्या अंगभर पसरतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने 2008 मध्ये टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून टी-पेशी तपासणं सुरू केलं, आणि 2018 अखेर सगळी राज्यं त्यात आली. आपल्याकडे सरसकट अशी तपासणी होत नाही. पण तालुक्याच्या लॅबमध्येही साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, होते, आणि त्यात एक गोष्ट दडलेली असते. एकूण पांढऱ्या पेशी समजा 9,000 आणि त्यांतल्या लिम्फोसाइट, म्हणजे टी-पेशी ज्यांत मोडतात त्या, 18 टक्के. गुणाकार केला तर 1,620. बाळांत हा आकडा तीन हजारांच्या खाली म्हणजे शंका घ्यायलाच हवी. अहवालावर मात्र लिम्फोसाइटची 20 ते 40 टक्के ही मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असते. 18 टक्के म्हणजे थोडंसंच कमी, असं म्हणून कागद फाइलला लागतो. तान्ह्या बाळात खरं तर निम्म्याहून अधिक लिम्फोसाइट असायला हवेत. नव्या सिस्टर विचारतात तेव्हा मी सांगते की हृदयाचा दोष, कॅल्शियमचे झटके आणि हा गुणाकार कमी, असं एकत्र दिसलं तर डॉक्टरांना आवर्जून दाखवायचं, टी-पेशींची तपासणी होईपर्यंत जिवंत लशी द्यायच्या की थांबवायच्या ते विचारायचं आणि रक्त मागवताना फॉर्मवर 'इरेडिएटेड' असं मोठ्या अक्षरात लिहायचं.